वरच्या मजल्यावरची तापलेली बेडरूम: रात्री नीट झोप लागावी म्हणून काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

मे महिन्यात नागपूर, अकोला, वर्धा, चंद्रपूर इकडे वरच्या मजल्यावर राहणाऱ्या जवळपास प्रत्येकाची तक्रार एकच, रात्री अकराला गच्चीवर बरं वाटतं पण खोलीत पाय ठेवला की भट्टी. मग पंखा पाचवर, कूलर फुल, तरी दोन वाजेपर्यंत कूस बदलणं चालूच. यात बहुतेक वेळा पंख्याची किंवा कूलरची चूक नसते, क्रम चुकलेला असतो. खोली सकाळपासून तापत असते आणि आपण तिच्याकडे लक्ष देतो रात्री दहाला, तोवर सगळी उष्णता स्लॅबमध्ये आणि पश्चिमेच्या भिंतीत जाऊन बसलेली असते. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने करा, मधला एखादा गाळून थेट कूलरवर उडी मारली तर पैसे जातात आणि झोप येत नाही ती नाहीच येत.

झोपेचं असं आहे की झोप लागताना शरीराला आतलं तापमान साधारण एखाद्या अंशाने खाली आणावं लागतं. हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुलतात आणि आतली उष्णता तिथून बाहेर पडते. खोलीच तापलेली असेल तर ही उष्णता जायला जागा राहत नाही, मग झोप उशिरा लागते, वारंवार मोडते, आणि गाढ झोप सगळ्यात आधी कमी होते. हृदयालाही रात्रभर जास्त काम, कारण रक्त त्वचेकडे ढकलत राहावं लागतं. एखादी रात्र अशी गेली तर माणूस चिडचिडा होतो, पण सलग आठवडाभर असं झालं की बीपी, शुगर, हृदयाचे पेशंट खरंच अडचणीत येतात, आणि सकाळी गाडी चालवणाऱ्याचा किंवा मशीनवर काम करणाऱ्याचा डोळा लागण्याची भीती वेगळीच. हवामान खातं "उष्ण रात्र" वेगळी जाहीर करतं ते यासाठीच: दिवसाचं तापमान ४० च्या वर आणि रात्रीचं किमान तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंशांहून जास्त. बातम्यांमध्ये आपण दुपारचा आकडा बघतो, झोपेसाठी मात्र हा रात्रीचा आकडा बघायला हवा.

टप्पा १: आधी मोजा, मग ठरवा

दोन साधे डिजिटल थर्मामीटर आणा, आर्द्रता दाखवणारे मिळाले तर उत्तम, फार महाग नसतात. एक पलंगाजवळ, उशीच्या उंचीवर. दुसरा बाहेर, सावलीत, भिंतीला टेकवून नाही तर खिडकीच्या बाहेर मोकळा लटकवून. मोबाइलवरचं तापमान उपयोगाचं नाही कारण ते कुठल्यातरी वेधशाळेचं असतं, तुमच्या खोलीचं नसतं. दुपारी तीन, रात्री आठ, रात्री अकरा आणि पहाटे पाच, अशा चार वेळा दोन-तीन दिवस आकडे लिहून ठेवा.

बाहेरचं आतल्यापेक्षा खाली कधी जातं ती वेळ तुम्हाला हवी आहे. पुढचं अर्धं गणित त्या वेळेवर आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की खोली दिवसा ३२ च्या खाली आणि रात्री २४ च्या खाली असावी. विदर्भात मे महिन्यात एसीशिवाय २४ होणार नाही हे मान्यच आहे, पण ३६ वरून ३०-३१ वर आणली तरी झोपेत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

तपासा: रात्री नऊला पंखा बंद करून, स्टुलावर चढून छताला तळहात लावा, नंतर पश्चिमेच्या भिंतीला. जे जास्त गरम लागेल तिथून सुरुवात. छत गरम असेल तर टप्पा २ आधी, भिंत गरम असेल तर टप्पा ३ आधी.

टप्पा २: गच्ची पांढरी करा

सिमेंटची करडी गच्ची दिवसभर ऊन पिते आणि ते खाली पोचायला काही तास लागतात, म्हणून खोली सगळ्यात जास्त तापते ती ऊन गेल्यावर. यावर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त परिणाम देणारा उपाय म्हणजे चुना. लोकांना तो गरिबांचा उपाय वाटतो म्हणून करत नाहीत आणि त्याच पैशात दुसरा पंखा आणतात, मला याचं फार वाईट वाटतं.

करायचं असं. गच्ची झाडून, धुऊन, शेवाळ घासून काढा आणि भेगा आधी भरून घ्या. धुळीवर मारलेला चुना आठ दिवसांत पापड्या होऊन उडतो, ही नंबर एकची चूक. चुना आदल्या रात्री लोखंडी ड्रममध्ये भिजवा, प्लास्टिकच्या नको, चुन्याच्या उष्णतेने तो वितळू शकतो. कळीचा चुना असेल तर पाणी टाकताच उकळतो आणि उडतो, तेव्हा चुन्यात पाणी ओतायचं नाही, पाण्यात थोडा थोडा चुना सोडायचा. सकाळी कापडातून गाळा, थोडा फेविकॉल मिसळा म्हणजे धरून राहतो. गच्ची पाण्याने ओलसर करा आणि पहिला हात पातळ मारा. तो वाळला की दुसरा हात आडवा. काम सकाळी आठच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर, तापलेल्या स्लॅबवर चुना लगेच सुकतो आणि चिकटत नाही.

सावध: हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय चुन्याला हात लावू नका. डोळ्यात गेला तर चोळू नका, भरपूर स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धूत राहा आणि तसंच डॉक्टरकडे जा. मुलांना त्या दिवशी गच्चीवर अजिबात नाही.

पावसाळ्यात हा चुना जातो, दरवर्षी एप्रिलच्या आधी पुन्हा मारावा लागतो. कायमचं हवं असेल आणि पैसे असतील तर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवून घ्या किंवा कूल रूफचा पेंट. भाड्याच्या घरात मालक नाही म्हणाला तर गच्चीवर चार खांब रोवून हिरवी जाळी ताणा, पण जाळी स्लॅबपासून दोन-तीन फूट वर पाहिजे, स्लॅबवरच अंथरली तर उपयोग कमी.

गच्चीवर संध्याकाळी पाणी मारणारे खूप आहेत. थोडा फरक पडतो हे खरं, पण पाणीटंचाईच्या गावात रोज तेवढं पाणी ओतणं परवडत नाही आणि जुन्या भेगाळलेल्या स्लॅबमध्ये ते मुरतं. चुना मारला असेल तर याची गरज फारशी उरत नाही.

पत्र्याचं घर असेल तर गणित उलटं. पत्रा झटकन तापतो आणि ऊन गेलं की तितक्याच झटकन थंड होतो, म्हणजे तुमची खरी लढाई दुपारची. पांढरा रंग तिथेही चालतो, आणि आत पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्याचं किंवा जाड कापडाचं छत ताणलं, मध्ये वीतभर हवा खेळती ठेवली, तर खूप फरक पडतो. थर्माकोल लावू नका, पेटला तर वेळ मिळत नाही. पत्र्यावर तुराट्या-पऱ्हाट्या टाकणाऱ्यांनीही चुलीची ठिणगी आणि वावटळ दोन्हीचा विचार करावा.

टप्पा ३: ऊन काचेच्या बाहेर अडवा

जाड पडदा लावला म्हणजे काम झालं असं बहुतेकांना वाटतं. पडदा आतून असतो, म्हणजे ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं, ते पडद्याला तापवतं आणि पडदा खोलीला. अडवायचं तर बाहेरून. बांबूची चिक, हिरवी जाळी, जुनी सतरंजी, काहीही, पण खिडकीच्या बाहेर आणि काचेपासून थोडं लांब. पश्चिमेची खिडकी पहिली, मग पूर्वेची. उत्तरेची राहिली तरी चालेल, दक्षिणेला मे महिन्यात ऊन डोक्यावर असल्याने छज्जा पुरतो.

पश्चिमेच्या भिंतीला दुपारी दोनपासून मावळेपर्यंत सरळ ऊन लागतं. त्या भिंतीवरही बाहेरून जाळी सोडता आली तर सोडा. आणि पलंग त्या भिंतीला लागून असेल तर आजच सरकवा, रात्रभर ती भिंत तुमच्या डोक्याला शेकते, आणि हे करायला एक रुपया लागत नाही.

टप्पा ४: दिवसा बंद, आणि खोलीत उष्णता तयार करू नका

सकाळी आठच्या सुमाराला, म्हणजे बाहेरचा आकडा आतल्याच्या वर जायला लागला की खिडक्या बंद. "हवा खेळती राहू दे" म्हणून दुपारी खिडकी उघडी ठेवणं ही घरोघरची चूक आहे. ४४ अंशांची झळ आत घेऊन कोणती हवा खेळणार? दुपारी कूलर चालू असेल तर तेवढी गोष्ट वेगळी, ती पुढे सांगतो.

खोलीतली उष्णता देणारी वस्तू शोधा. जागा नाही म्हणून फ्रीज बेडरूममध्ये ठेवलेला असतो, तो दिवसरात्र मागून गरम हवा सोडतो. इन्व्हर्टरची बॅटरी, जुना बल्ब, चालू राहिलेला सेट टॉप बॉक्स. आणि स्वयंपाकघर लागून असेल तर रात्रीच्या कुकरची वाफ थेट अंथरुणावर येते, त्या दिवसांत भाजी-वरण सकाळीच करून फ्रीजमध्ये ठेवावं आणि संध्याकाळी फक्त पोळ्या किंवा भाकरी, मधलं दार लावून.

टप्पा ५: रात्रीची हवा आत घ्या, पण वेळ बघून

टप्पा १ मध्ये जी वेळ सापडली ती इथे वापरायची. बाहेरचं तापमान आतल्यापेक्षा खाली गेलं की समोरासमोरच्या खिडक्या किंवा खिडकी आणि दार उघडा. एकच खिडकी असेल तर हवा आत येते पण जायला वाट नसते, मग काही होत नाही. अशा वेळी टेबल फॅन खिडकीत बाहेर तोंड करून लावा, तो आतली गरम हवा बाहेर ढकलतो आणि दाराकडून गार हवा आपोआप ओढली जाते. लोक नेमका उलटा लावतात.

खिडकीच्या मच्छरजाळ्या काढून धुवा. वर्षभराची धूळ बसलेल्या जाळीतून वारा नावालाच येतो, हात लावून बघा.

सावध: खालच्या मजल्यावर ग्रिल नसेल तर रात्रभर उघडं ठेवू नका. आणि लहान मुलं असतील तर खिडकीला लागून पलंग नको.

गच्चीवर झोपणार असाल तर थेट स्लॅबवर गादी टाकू नका, मध्यरात्रीपर्यंत तो खालून गरमच असतो. बाज टाका, खालून वारा लागतो. कठडा नसलेल्या गच्चीवर मुलांना घेऊन झोपू नका, झोपेत उठून चालत गेलेलं मूल पडल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात.

टप्पा ६: आता पंखा, कूलर, एसी

पंखा खोली थंड करत नाही. तो अंगावरचा घाम उडवतो आणि त्याने आपण थंड होतो, म्हणून रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवणं म्हणजे फक्त बिल. तापलेल्या छताखालचा सीलिंग फॅन वरचीच गरम हवा खाली फेकतो, त्यापेक्षा टेबल फॅन पलंगाच्या उंचीवर लावलेला बरा. खोली ४० च्या वर असेल तर नुसत्या पंख्यावर विसंबू नका, ती हवा अंग तापवते. अंग ओलं करून मग पंखा.

कूलर कोरड्या हवेत राजा आहे, पण त्याला दोन गोष्टी लागतात आणि दोन्हीकडे दुर्लक्ष होतं. एक, त्याची पाठ बाहेरच्या मोकळ्या हवेत पाहिजे. खोलीच्या आत ठेवलेला कूलर तीच ओली हवा फिरवतो आणि तासाभरात चिकचिक सुरू. दोन, समोरची खिडकी किंवा दार वीतभर उघडं पाहिजे, नाहीतर आलेली हवा जाणार कुठे. दार गच्च लावून कूलर लावणारे अर्धं गाव आहे, आणि मग म्हणतात कूलर काम करत नाही.

पंप आधी दहा मिनिटं चालू करा, वाळ्याच्या किंवा गवताच्या जाळ्या पूर्ण भिजू द्या, मग फॅन. बोअरच्या पाण्याने जाळीवर पांढरा थर धरतो, तिथून हवा जात नाही, असली जाळी हंगामाच्या सुरुवातीलाच बदला. टाकीत बर्फ टाकायची हौस अनेकांना असते. एक लिटर पाणी उडताना जेवढी उष्णता घेतं ती एक किलो बर्फ वितळताना घेतो त्याच्या जवळपास सातपट असते, म्हणजे कूलरचं काम पाणी उडण्यावर चालतं, बर्फाने फारसं काही होत नाही, जाळी आणि वारा नीट ठेवा. पहाटे चारला गारठा वाटला तर पंप बंद करून फक्त फॅन ठेवा.

सावध: लोखंडी कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसं जातात, आणि बहुतेकदा पाणी भरताना. पाणी भरायच्या आधी नुसतं बटण नाही, प्लग काढा. पायात कोरडी रबरी चप्पल. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि घराला आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवून घ्या, ज्या घरात लहान मुलं ओल्या अंगाने कूलरला हात लावतात तिथे तर हे पुढच्या पगारावर ढकलू नका.

एसी असेल तर २५-२६ वर ठेवा आणि सोबत पंखा हळू. साध्या एसीत १६ लावल्याने खोली लवकर थंड होत नाही, तो तेवढ्याच वेगाने चालतो, फक्त थांबत नाही आणि पहाटे तुम्ही चादर ओढता. फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा. झोपायच्या तासभर आधी लावा म्हणजे भिंतीही थोड्या निवतात. आणि कूलर-एसी एकत्र नको, कूलरने भरलेला ओलावा काढण्यातच एसीचा जीव जातो.

मुंबई, ठाणे, रत्नागिरी, गोव्याकडच्यांसाठी: तुमच्याकडे हवाच ओली, तिथे पाणी उडत नाही म्हणून कूलर घेऊ नका. तुमचा भर टप्पा २, ३, ५ आणि पंख्यावर, आणि जमलं तर एसीवर. ओल्या चादरीचे पडदेही तिकडे त्रासच वाढवतात.

टप्पा ७: अंथरूण आणि अंग

फोमची जाड गादी अंगाची उष्णता धरून ठेवते. दोन महिने ती उभी करून ठेवा आणि कापसाची पातळ गादी किंवा चटई घ्या. चादर सुती, फिक्या रंगाची. बाज असेल तर तिच्यासारखं काही नाही.

अंघोळ झोपायच्या तासभर आधी, साध्या पाण्याने. बर्फासारखं पाणी घेतलं तर त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि उष्णता आतच राहते. आता खरी अडचण अशी की गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी संध्याकाळी सातला चटका देतं, नळाखाली हात धरवत नाही. म्हणून सकाळी सहालाच दोन बादल्या भरून बाथरूमच्या कोपऱ्यात झाकून ठेवा, रात्री तेच पाणी वापरा.

पलंगाशेजारी माठातल्या पाण्याचा तांब्या आणि एक ओला पंचा. रात्री जाग आली की मनगट, मान, तळपाय पुसायचे आणि पंख्याखाली पडायचं. लाइट गेली तरी हे चालतं. जेवण हलकं आणि लवकर, संध्याकाळनंतर चहा नको, दारू तर नकोच, तिने झोप लागल्यासारखी वाटते पण शरीरातलं पाणी जातं आणि झोप मोडते. दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या आत.

टप्पा ८: आजी-आजोबा, बाळ आणि औषधं

म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते आणि घामही कमी येतो, "मला नाही उकडत" म्हणणारे आजोबाच आतून तापलेले असतात. त्यांच्या शब्दावर नको, थर्मामीटरवर जा. घरात सगळ्यात थंड खोली त्यांना द्या, खालचा मजला असेल तर दोन महिने तिथे पलंग हलवा. रात्री बाथरूमला जावं लागतं म्हणून ते संध्याकाळपासून पाणी तोडतात, तर दिवसभरात थोडं थोडं ताक, पन्हं, पाणी देत राहा. किडनी किंवा हृदयाच्या पेशंटला पाण्याचं प्रमाण डॉक्टरने ठरवलेलं असतं, ते स्वतः वाढवू नका, विचारा.

लघवी जास्त होणाऱ्या बीपीच्या गोळ्या, मानसिक आजाराच्या काही गोळ्या, सर्दी-खाजेच्या काही गोळ्या यांनी शरीराची उष्णता सांभाळायची ताकद कमी होते. गोळी बंद करू नका, पण एप्रिलमध्येच डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. इन्सुलिन तापलेल्या खोलीत खराब होतं, फ्रीज नसेल तर माठाजवळ मातीच्या भांड्यात ठेवतात.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी द्यायचं नाही, अंगावर जास्त वेळा पाजायचं. दुपटं गुंडाळू नका, टोपी काढा, आणि नजर लागेल म्हणून पाळण्यावर जाड कापड टाकू नका, आत हवा कोंडते.

टप्पा ९: कधी झोप वगैरे बाजूला ठेवून धावपळ करायची

डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे, खूप घाम: माणसाला थंड जागी आणा, आडवं करा, ओआरएस द्या. एक पाकीट लिटरभर पाण्यात पूर्ण, अर्ध्या ग्लासात चिमूटभर टाकू नका. तासाभरात बरं वाटलं नाही तर दवाखाना.

असंबद्ध बोलतोय, झोपेतून नीट उठवता येत नाही, झटका आला, अंग ४० च्या वर तापलंय: हा उष्माघात आहे. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका, अंगावर पाणी ओता, पंखा लावा, मान, काखा, जांघेत बर्फ किंवा ओली फडकी ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ठसका लागून श्वासात जातं. क्रोसिन वगैरे देऊन वेळ घालवू नका, या तापावर ती गोळी चालत नाही. रात्री झोपलेल्या माणसाला असं झालेलं उशिरा कळतं, म्हणून नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत एकट्या राहणाऱ्या शेजारच्या आजींना रात्री दहाला आणि सकाळी सहाला हाक मारा.

पहिला पाऊस पडला की

जूनमध्ये हवा ओली झाली की कूलर अचानक "बिघडतो". तो बिघडलेला नसतो, आता त्याचं पाणी उडत नाही. तेव्हा पंप बंद, फक्त फॅन, खिडक्या उघड्या. कूलर वापरत असताना दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून आतून घासून कोरडी करायची, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि ती अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून कोरडी राहूनही टिकतात, नुसतं पाणी ओतून दिल्याने जात नाहीत. हंगाम संपला की जाळ्या काढून टाका, टाकी ब्रशने घासा, उन्हात पालथी वाळवा आणि मगच झाकून ठेवा.